खुर्चीवरून पोत्यावर

आमच्या शेजारच्या टीचर लेकीकडे म्हापशाला राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी आमच्याकडे घराची किल्ली, एक वेताची खुर्ची आणि सहा वर्षांचा कुत्रा ठेवला. किल्ली अधूनमधून घर उघडून झाडण्यासाठी. कुत्रा पंधरा दिवसांसाठी. खुर्ची कशासाठी, ते मला कळेना.

“ती तेची,” टीचर म्हणाल्या.

“कोणाची?”

“तेची गो. तो जमनीर बसान जेवणा नाय.”

लेकीच्या सोसायटीत कुत्रा चालत नव्हता. लेक सोसायटीशी बोलणार होती आणि मग टीचर येऊन कुत्रा घेऊन जाणार होत्या. सोसायटीशी बोलून आजवर कोणाचं काही झालेलं मी पाहिलेलं नाही. पण टीचरनी अर्ध्या गावाला मुळाक्षरं शिकवली होती, त्यांना नाही कोण म्हणणार? मी किल्ली खिळ्याला अडकवली, खुर्ची पडवीत ठेवली आणि कुत्र्याकडे पाहिलं. बिस्किटाच्या रंगाचा, जाडजूड, एक कान उभा आणि एक पडलेला. तो माझ्याकडे, लॉजवर खोली बघायला आलेलं गिऱ्हाईक बघतं तसं बघत होता.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तेच नाव आमच्या गावातल्या एका मानाच्या गृहस्थाचं घरगुती नाव आहे. हे गृहस्थ चौथीत टीचरच्या वर्गात होते. टीचरनी कुत्र्याला हे नाव मुद्दाम ठेवलं की योगायोगानं, हे विचारायची आमची छाती झाली नाही. त्या गृहस्थांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हाक मारायचीच पंचाईत. आम्ही कुत्र्याला नुसतं ‘रे’ म्हणू लागलो. मालवणी घरात दिवसातून शंभर वेळा ‘रे’ होतं. कुत्रा पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी उठून आला, आणि तिसऱ्या दिवसापासून एकदाही आला नाही.

आमचं घर किनाऱ्यापासून दोन नारळीच्या बागा सोडून. घरात मी, माझा नवरा आणि सासूबाई. मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून आम्ही त्या पर्यटकांना देतो, जेवणासकट. नवरा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होता, शेवटी सारंग झाला. म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्या एका आवाजासरशी वीस माणसं दोर ओढायला धावत. निवृत्त होऊन घरी आल्यावर हाताखाली कोणी उरलं नाही. मी त्याच्या हाताखालची नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. आईच्या हाताखाली तर तो स्वतःच होता. तेव्हा कुत्रा आला आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं.

कुत्र्याची वागणूक मात्र तेज उतरवणारी होती. फाटकातून कोणीही आलं की दोन्ही पाय त्याच्या छातीवर. खोलीतला एसी सुरू झाल्याचा आवाज आला की हा पाहुण्यांच्या आधी पलंगावर. जेवायच्या वेळी पडवीतली वेताची खुर्ची नाकानं ढकलत टेबलाकडे आणायचा, वर चढायचा आणि हनुवटी टेबलावर टेकून वाट बघायचा. ओरबाडणं नाही, भुंकणं नाही. कोणी काही दिलं नाही तर खोल श्वास सोडायचा. तो श्वास असा असायचा की पाहुणे ताट उचलून दुसरीकडे जायचे, नाहीतर पापलेटचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे ठेवायचे.

“शिस्त नाय म्हणान ह्यां सगळां होता,” नवरा म्हणाला आणि त्यानं पेटीतून जहाजावरची शिट्टी काढली.

रोज सकाळी साडेसहाला अंगणात शिट्टी. मग जहाजी हिंदीत हुकूम: इधर आव, खडा रव, सिट डाऊन. कुत्रा पायरीवर आडवा पडून हे सगळं लक्ष देऊन बघायचा. आठवड्याभरात तो एक गोष्ट नक्की शिकला. शिट्टी वाजली की मालक अर्धा तास अंगणात गुंततो आणि स्वयंपाकघराचं मागचं दार मोकळं असतं. त्या आठवड्यात आमची दोन नारळांची वाटणं आणि एक भाजलेला बांगडा गेला. नवऱ्याचं म्हणणं, सुधारणा आहे, कारण शिट्टी ऐकून तो निदान उठतो तरी.

सासूबाईंचा शिस्तीवर विश्वास नाही, देवावर आहे. त्यांनी एका सकाळी तुळशीपुढे नारळ फोडून ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणं हे खरं पुरुषाचं काम, पण घरातला पुरुष शिट्टी वाजवण्यात गुंतला होता.

“बा देवा म्हाराजा, ह्यो कुत्रो परक्याचो, पण आता आमच्या दारात आसा. तेच्या डोक्यात कोणी काय भरवल्यान असात ता काढून टाक. पाव्हण्यांच्या ताटार तेची नजर जाता, ती दुसरीकडे खंय तरी वळव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं, कारण म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.

आम्ही हात जोडून डोळे मिटले तेवढ्यात कुत्र्यानं नारळाची एक कवड उचलली आणि तो माडाच्या मुळाशी जाऊन बसला.

“देवान मान्य केल्यान,” सासूबाई म्हणाल्या. “नजर वळली ना?”

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब आलं. माणसं चांगली. जाताना तोंडभर कौतुक केलं आणि घरी पोचून मोबाईलवर लिहिलं की खोली स्वच्छ, जेवण उत्तम, पण आमच्या मुलीच्या ताटातली सुरमई कुत्र्यानं खाल्ली आणि मालकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “त्याला आवडते.” त्याखाली पाचातले दोन तारे. नवऱ्याचं म्हणणं, यात खोटं काय आहे, त्याला आवडतेच. मी त्या दिवशी फोनवरून चौकशी करून कुडाळच्या एका मुलीचा पत्ता मिळवला. तिनं पुण्यात राहून कुत्र्यांना वळण लावायचं शिक्षण घेतलं होतं आणि आता गावी परत येऊन तेच काम करत होती. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “कुत्र्याक शिकवक पुण्याक जावचा लागता? पुण्यातली माणसां तरी ऐकतत काय?”

ती स्कूटरवरून आली. पंचविशीची, बारीक, कमरेला कापडी पिशवी. कुत्र्यानं नेहमीप्रमाणे झेप घेतली. तिनं आरडाओरडा केला नाही, ढकललं नाही, शांतपणे पाठ फिरवली आणि आंब्याकडे बघत राहिली. तो पुढून आला, ती पुन्हा वळली. आंब्याला त्या दिवसांत काही नव्हतं, तरी ती बघत होती. पाच-सहा वेळा असं झाल्यावर कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर आले. त्या क्षणी तिनं पिशवीतून एक सुकं सुंगट, म्हणजे कोळंबी, काढून त्याच्या तोंडात दिलं. त्यानं ते गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाकडे आदरानं पाहिलं.

मग ती पडवीत बसली आणि आमची उलटतपासणी सुरू झाली. आमच्याशी ती शुद्ध मराठीत बोलत होती, कचेरीत बोलतात तशी.

“याला जेवण कोण देतं?”

“मी. दोन वेळा,” मी म्हटलं.

“आणि मधे?”

“मधे कोणी काही देत नाही,” आम्ही तिघं एकदमच म्हणालो.

तिनं कुत्र्याच्या पोटाकडे पाहिलं. “मगे ह्यो काय वाऱ्यार फुगलो?” शुद्ध मराठी तिथे संपली.

तिनं मला एक मोठा टोप आणायला सांगितला आणि तो ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला. उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुत्र्याला जे जे द्यावंसं वाटेल ते त्याला न देता या टोपात टाकायचं. लपवायचं नाही. आम्ही हसून हो म्हटलं. मला खात्री होती की टोप रिकामा राहील, आणि तिला दाखवायला तळाला दोन शितं तरी टाकावी लागतील.

सकाळी मी मासे साफ करायला बसले. बांगड्याचं डोकं कापलं आणि हात आपोआप डावीकडे गेला. डावीकडे कुत्रा होता. त्याचं तोंड उघडं होतं. मी इतके दिवस याला देणं समजतच नव्हते. तो घाण काढण्याचा भाग होता. मुकाट्यानं उठून मी डोकी टोपात टाकली. सात होती.

संध्याकाळी ती मुलगी आली आणि तिनं झाकण काढलं. टोप काठोकाठ भरला होता. माझी सात डोकी तळाला. त्यावर घावन्याचे तुकडे, ते सासूबाईंचे. त्यांना सकाळी अख्खं घावन जात नाही असं त्या गेली कित्येक वर्षं सांगतात. एक केळं, अर्धं अंडं, भाताचे दोन मुटके, पाहुण्यांनी दिलेली चकली, आणि सगळ्यात वर एक अखंड टोस्ट, दोन्ही बाजूंना लोणी लावलेला. कुत्रा दिवसभर टोपापासून हातभर अंतरावर बसून होता. मला त्याच्या नजरेला नजर देता येईना.

“ह्यो टोस्ट कोणाचो?” सासूबाईंनी विचारलं. दोन्ही बाजूंना लोणी लावून खाणारा माणूस घरात एकच होता.

नवरा छपराकडे बघत म्हणाला, “जहाजार चाराक सगळ्यांका चाय-टोस्ट गावता. तो काय उपाशी रवतलो?”

रोज चार वाजता तो चहा घेऊन मागच्या पायरीवर बसतो हे मला माहीत होतं. टोस्ट दोन नेतो हेही माहीत होतं. दोन्ही तोच खातो असं मी धरून चालले होते. त्याहून मला लागली ती दुसरीच गोष्ट. पुढे एकदा मी मागच्या दाराआडून ऐकलं, तर तो कुत्र्याला कुठल्याशा बंदरातली वादळाची हकीकत सांगत होता, सावकाश, तपशिलात. ती हकीकत त्यानं मला कधी सांगितली नव्हती. किंवा त्यानं सुरुवात केली असेल आणि मी कुकरची शिट्टी मोजायला उठले असेन.

शिकवणी सुरू झाली. पहिला तास शब्द ठरवण्यात गेला. ट्रेनर म्हणाली, घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. नवऱ्याचा ‘सिट डाऊन’, सासूबाईंचा ‘बस मेल्या’, माझा ‘खाली हो’. ‘बस’ एवढाच शब्द ठेवावा तर तो आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो आणि सासूबाई वाढताना पुरे झालं की म्हणतात. ‘मेल्या’ राहू द्यावं असा सासूबाईंचा आग्रह होता, कारण त्याशिवाय शब्दाला जोर येत नाही. शेवटी ‘बस खाली’ ठरलं. एवढ्या वाटाघाटी आमच्या लग्नाच्या वेळीही झाल्या नव्हत्या.

खुर्ची माळ्यावर गेली. तिच्या जागी पडवीच्या कोपऱ्यात तांदळाचं जुनं पोतं अंथरलं. आम्ही जेवायला बसलो की त्यानं पोत्यावर बसायचं. तिथे बसला तर सुंगट, दुसरीकडे कुठे काही नाही. पहिल्या दिवशी तो पोत्यावर श्वास घेण्यापुरता टेकला. आठवड्यानं आमचा भात संपेपर्यंत. सासूबाई नियम तंतोतंत पाळत होत्या. त्या आपल्या जागेवरून घावन्याचा तुकडा नेमका पोत्यावर भिरकावायच्या. ट्रेनरनं हटकलं तर म्हणाल्या, “पोत्यार दिल्यार चलता, असां तूच सांगलंस.”

अंगावर उडी मारण्यावर उपाय म्हणजे पाठ फिरवणं. कुत्रा कोणावरही झेपावला की घरातल्या प्रत्येकानं त्याच्याकडे पाठ करायची आणि तो खाली उतरेपर्यंत गप्प राहायचं. आम्ही यात तरबेज झालो. इतके की एका सकाळी ते मानाचे गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, पांढरे शुभ्र कपडे, हातात अक्षता, आणि माडाच्या आळ्यातून चिखलाच्या पायांनी धावत आलेल्या कुत्र्यानं त्यांच्या छातीवर पाय ठेवले, तेव्हा आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“काय झाला?” मागून आवाज आला.

आम्ही गप्प.

“माझा काय चुकला काय?”

सासूबाई देवघराच्या दिशेनं बघत होत्या. मी आंब्याकडे. नवऱ्याला मात्र ते सहन झालं नाही. तो गर्रकन वळला आणि इंजिनाच्या घरघरीवर ऐकू जावा अशा आवाजात त्यानं कुत्र्याचं नाव घेऊन हुकूम सोडला, “बस खाली!”

गृहस्थ बसले. जिथे होते तिथेच, पायरीवर, पत्रिका छातीशी धरून. कुत्रा उभाच राहिला. आता त्यांचे खांदे त्याला अधिक सोयीच्या उंचीवर आले होते.

कोणी हसलं नाही. सासूबाई हसायला आत गेल्या. मी पंचा आणि पाणी आणलं. पंचाईत झाली ती नवऱ्याची, कारण खुलासा करायचा तर कुत्र्याचं नाव सांगायला हवं होतं. शेवटी त्यानं सांगितलं, तेही मालवणी सोडून शुद्ध मराठीत, अर्ज लिहिल्यासारखं.

“नाव कोणी ठेवल्यान?” गृहस्थांनी विचारलं.

“टीचरनी.”

त्यांनी कुत्र्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “टीचर माका दिवसातसून दहा वेळा ‘बस खाली’ म्हणत,” ते म्हणाले. “मी कधी ऐकूक नाय. ह्यो ऐकता?”

“नाय.”

“मगे बरोबर ठेवल्यानी,” असं म्हणून त्यांनी अक्षता दिल्या आणि चिखलाच्या सदऱ्यानिशी पुढच्या घरी गेले. लग्नाला आम्ही गेलो. आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं.

जानेवारीपर्यंत कुत्रा खरोखर सुधारला. फाटकात कोणी आलं की शेपटीपासून कानापर्यंत हलायचा, पण पाय जमिनीवर. पाहुणे जेवत असताना पोत्यावर. कोल्हापूरच्या एका जोडप्यानं मोबाईलवर लिहिलं की इथला कुत्रा मालकापेक्षा शिस्तीचा आहे. नवऱ्यानं ते कौतुक म्हणून चार जणांना वाचून दाखवलं.

मग टीचर आल्या. वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, दरवर्षी प्रार्थना असते, तिला लादीन म्हणतात, त्यासाठी. म्हापशाहून बसनं बांद्यापर्यंत आणि तिथून पुढे दुसरी गाडी. पंधरा दिवसांचे चार महिने झाले होते, सोसायटीचा विचार अजून चालू होता. टीचर वाळल्या होत्या. कुत्र्यानं त्यांना फाटकात पाहिलं आणि सगळी शिकवणी विसरून झेप घेतली. त्यांनी पाठ फिरवली नाही. दोन्ही पंजे हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांची पिशवी उचलून आत नेली.

दुपारी मी सुरमई तळली. आम्ही टेबलाशी बसलो आणि कुत्रा कोणी न सांगता पोत्यावर जाऊन बसला. आम्ही तिघंही टीचरच्या तोंडाकडे बघू लागलो. शाबासकीची वाट बघत होतो, दुसरं काय.

“ह्येका बरा नाय काय?” टीचरनी विचारलं.

“बरो आसा. आमी शिकवलाव तेका,” नवरा छाती पुढे काढून म्हणाला.

“जमनीर?”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आमचे गेले तेव्हा टेबलाकडे दोन खुर्च्यो होत्यो. समोरची रिकामी बघान माका घास उतरणा नाय. एक दिवस ह्येका वर बसयलंय. मगे जेवण गेला.”

इतकी वर्षं शेजारी राहून हे आम्हाला माहीत नव्हतं. टीचर कुत्र्याला खुर्चीवर बसवून जेवायच्या हे खुर्ची आमच्याकडे आल्यापासून सगळ्या वाडीला माहीत झालं होतं. त्यावरून आम्ही हसलोही होतो, मीच सगळ्यात जास्त.

नवरा उठला. माळ्यावरून वेताची खुर्ची काढली, खांद्यावरच्या पंचानं पुसली आणि टीचरच्या समोर ठेवली. “ये रे,” तो म्हणाला. कुत्रा हलला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. दोन महिने उतर म्हणणारी माणसं आज चढ म्हणत होती. टीचरनी खुर्चीवर हलकेच थाप मारली तेव्हा तो सावकाश चढला. हनुवटी टेबलावर. टीचर सुरमईचे काटे काढून त्याला भरवत होत्या आणि मधे मधे स्वतः खात होत्या. ताट स्वच्छ झालं.

संध्याकाळी मी ट्रेनरला फोन करून कबुली दिली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, त्यांच्यापुरतं चालेल, कुत्र्याला माणूस आणि माणूस वेगळा कळतो, फक्त तुम्ही मधे लुडबुड करू नका. दुसऱ्या दिवशी टीचर गेल्यावर दुपारी त्यानं खुर्चीचा प्रयत्न केलाच. मी ‘बस खाली’ तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं तो खोल श्वास सोडला आणि पोत्यावर गेला.

आता टीचर दर महिन्याला एका रविवारी येतात. ते दोघं जेवतात, आम्ही वाढतो. नवरा त्याला कुत्र्याची शोअर लीव्ह म्हणतो, म्हणजे जहाज बंदराला लागल्यावर खलाशाला मिळते ती सुट्टी. चारच्या टोस्टाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. मात्र हल्ली मीही कधी कधी चहा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसते. त्या वादळाची हकीकत मी आता पूर्ण ऐकली आहे. दोनदा.

गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या माणसावर मात्र कुत्रा अजून उडी घेतो. त्यालाही पाठ फिरवायला सांगा, असं ट्रेनर म्हणाली. मी सांगितलं. तो म्हणाला, “वयनी, पाठीर सिलिंडर आसा, खंयची पाठ फिरवू?” याला अजून उपाय सापडलेला नाही. तूर्त तो सिलिंडर फाटकाबाहेर उतरवतो आणि नवरा ते आत आणतो.